डोमेन विकताना कोड आधी की पैसे आधी?

‘पैसे पाठवले आहेत, पावतीचा फोटो सोबत जोडलाय. आता तेवढा कोड पाठवा, म्हणजे आजच काम उरकून टाकू.’

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, विकायला काढलं की असा निरोप कधी ना कधी येतोच. मला पहिल्यांदा आला तेव्हा मी कोड, म्हणजे नाव दुसरीकडे हलवायचा पासवर्ड, पाठवायला बसलोच होतो. रजिस्ट्रारचं, म्हणजे नाव जिच्याकडे नोंदवलंय त्या कंपनीचं, पॅनेल उघडलं तर वर लाल पट्टी: हे नाव अमुक तारखेपर्यंत दुसरीकडे हलवता येणार नाही. दोन आठवड्यांपूर्वी नोंदीतला बंद पडलेला ईमेल पत्ता काढून मी नवा टाकला होता, एवढंच निमित्त. त्या बदलामुळे ६० दिवसांचं कुलूप पडलं होतं आणि मला त्याची गंधवार्ताही नव्हती. चरफडत खरेदीदाराला तसं कळवलं. तो आधी चिडला, मग काहीतरी पळवाट काढा म्हणून मागे लागला, मग एकदम गप्प झाला. ते ‘पाठवलेले’ पैसे आजतागायत आलेले नाहीत. पावतीचा फोटो मात्र सुरेख होता.

मी वाचलो तो एका नियमाच्या कृपेने, आणि तो नियम मला ठाऊकसुद्धा नव्हता. त्यानंतर मात्र मी हे सगळं नीट समजून घेतलं. डोमेनच्या व्यवहारात तंत्राचा भाग फारसा अवघड नाही. अवघड आहे तो क्रम. कोणतं पाऊल आधी आणि कोणतं नंतर, एवढं चुकलं नाही तर अनोळखी माणसालाही निर्धास्तपणे नाव विकता येतं.

विकता म्हणजे नेमकं काय देता?

डोमेन ही वस्तू तुमच्या संगणकात नसते आणि तुमच्या होस्टिंगवरही नसते. ती एका मोठ्या वहीतली एक ओळ असते. डॉट कॉम आणि डॉट नेटची वही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. अशा वही सांभाळणाऱ्याला रजिस्ट्री म्हणतात. या वहीत तुम्हाआम्हाला थेट लिहिता येत नाही. ते काम रजिस्ट्रारचं, म्हणजे ज्याच्याकडे आपण नाव घेतो आणि वर्षाचे पैसे भरतो त्याचं. डॉट कॉमसारख्या नावांसाठी या सगळ्यांनी कसं वागायचं याचे नियम आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. आपण बोलताना ‘मालक’ म्हणतो, पण नोंदीत तुम्ही ‘नोंदणीधारक’ असता आणि नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची असते.

त्या ओळीतल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, नाव कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे. दुसरी, नोंदणीधारक कोण आहे. विक्रीत दुसरी गोष्ट बदलतेच. पहिली कधी बदलते, कधी नाही. हे दोन वेगवेगळे बदल आहेत, त्यांचे नियम वेगळे आहेत आणि बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं.

वेबसाइटची पानं, त्यातले फोटो, ईमेलच्या पेट्या हे काहीही या ओळीत नसतं. ते द्यायचं ठरलं असेल तर करारात वेगळं लिहा. द्यायचं नसेल तर तेही लिहा. ‘नाव घेतलं पण साइट कुठेय?’ हा प्रश्न पैसे दिल्यानंतर विचारणारे खरेदीदार मी पाहिले आहेत.

नाव हलवण्याच्या दोन वाटा

खरेदीदाराचं खातं तुमच्याच रजिस्ट्रारकडे असेल किंवा तो तिथे उघडायला तयार असेल, तर काम पाच-दहा मिनिटांचं. तुम्ही त्याचा खाते क्रमांक किंवा ईमेल टाकता, नाव तुमच्या खात्यातून त्याच्या खात्यात जातं. धंद्यातली माणसं याला ‘पुश’ म्हणतात. कोड नाही, फारशी वाट पाहणं नाही. पण एकदा पुश केलं की नाव तुमच्या हातून गेलं. ते परत आणायचं बटण नसतं.

दुसरी वाट म्हणजे एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे ट्रान्सफर. आधी तुमच्या पॅनेलवरचं ट्रान्सफर लॉक काढायचं. मग ऑथ कोड मिळवायचा. याला कुणी ईपीपी कोड म्हणतं, कुणी ट्रान्सफर की. हा त्या एका नावापुरता पासवर्ड असतो. काही ठिकाणी तो पॅनेलवर लगेच दिसतो. पॅनेलवर तशी सोय नसेल तर मागितल्यापासून पाच दिवसांच्या आत देणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे वेळ लागतो’ म्हणून कुणी महिनाभर टोलवत असेल तर नियमाकडे बोट दाखवा. खरेदीदार तो कोड त्याच्या रजिस्ट्रारकडे देऊन तिथली फी भरतो. मग तुमच्या रजिस्ट्रारकडून तुम्हाला ईमेल येतो: हे नाव चाललंय, तुमची हरकत आहे का? तुम्ही काहीच उत्तर दिलं नाही तर साधारण पाच दिवसांनी ट्रान्सफर आपोआप पूर्ण होते. काही रजिस्ट्रार तिथल्या तिथे ‘होकार’ देण्याची सोय देतात, मग काम त्याच दिवशी होतं. डॉट कॉमसारख्या नावांत या ट्रान्सफरबरोबर मुदतीत एक वर्षाची भर पडते, मात्र एकूण मुदत दहा वर्षांच्या पुढे जात नाही.

गप्प बसणं म्हणजे होकार, हे वाचून खटकलं ना? खटकायलाच हवं. हा नियम नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि दोनच महिन्यांत, जानेवारी २००५ मध्ये, पॅनिक्स डॉट कॉम हे नाव पळवलं गेलं. पॅनिक्स ही न्यूयॉर्कमधली जुनी इंटरनेट सेवा देणारी कंपनी. ग्राहकांचे ईमेल पत्ते त्याच नावावर. वार शनिवार. नाव परदेशातल्या एका रजिस्ट्रारकडे गेलं, ग्राहकांची पत्रं भलतीकडे जाऊ लागली आणि सुट्टीच्या दिवशी फोन उचलायला जबाबदार माणूस मिळेना. पुढे रजिस्ट्रारांनी एकमेकांसाठी आणीबाणीचा संपर्क ठेवायचा आणि तिथे आलेल्या तक्रारीला चार तासांत उत्तर द्यायचं, असा नियम झाला. तो संपर्क रजिस्ट्रारांच्या आपसातल्या वापरासाठी असतो. तुम्ही तुमच्या रजिस्ट्रारला उठवायचं आणि त्याने समोरच्याला.

म्हणून लॉक. नोंद तपासली तर ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ अशी स्थिती दिसते. हे लॉक तुमच्या पॅनेलवरून निघतं. ‘सर्व्हर ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असं दिसलं तर ते रजिस्ट्रीने लावलेलं असतं आणि तुम्ही कितीही बटणं दाबलीत तरी हलणार नाही. आधी कारण शोधावं लागेल. विक्रीची बोलणी सुरू असतानाच लॉक काढून ठेवायची सवय काहींना असते. ‘तयारी असावी’ म्हणून. ही तयारी चोराच्याही कामी येते. पैशांची खात्री होईपर्यंत लॉक जागेवर राहू द्या.

आता कोडबद्दल एक बारीक गोष्ट, जिच्यापायी माझे दोन दिवस फुकट गेले होते. ऑथ कोडमध्ये चित्रविचित्र चिन्हं असतात. मी ईमेलमधून कोड पाठवला, खरेदीदाराकडे ‘कोड चुकीचा’ असं यायला लागलं. तीनदा पाठवला, तीनदा तेच. शेवटी दोघांनी फोनवर एकेक अक्षर वाचलं, तेव्हा कळलं की कोडमधलं ‘&’ हे चिन्ह वाटेत फुटून त्याच्या जागी पाच अक्षरांची माळ झाली होती. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल यांचे घोळ वेगळेच. कॉपी करताना शेवटी चिकटून येणारी रिकामी जागा तर डोळ्यांना दिसतही नाही. कोड साध्या मजकुराच्या फाइलमध्ये द्या, किंवा एस्क्रो सेवेच्या (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाच्या) पानावर त्यासाठी जागा असेल तर तिथे. आणि चार जणांच्या ग्रुपवर अजिबात टाकू नका.

६० दिवसांची कुलपं

माझ्या गोष्टीतली लाल पट्टी इथली. डॉट कॉमसारख्या नावांना तीन प्रसंगी ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाण्यापासून अडवलं जाऊ शकतं: नाव नव्याने नोंदवल्यावर, एकदा ट्रान्सफर झाल्यावर आणि नोंदणीधारक बदलल्यावर. तिसरा नियम १ डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. ‘बदल’ म्हणजे माणूस बदलायलाच हवा असं नाही. नाव, संस्थेचं नाव किंवा ईमेल पत्ता यातलं काहीही ठळकपणे बदललं तरी कुलूप पडू शकतं.

आता सरळमार्गी विक्रेता काय करतो बघा. त्याला वाटतं, आधी कागद चोख करू. म्हणून तो प्रथम नोंदीत खरेदीदाराचं नाव-पत्ता टाकतो आणि मग ट्रान्सफर सुरू करतो. झालं. कुलूप. नाव दोन महिने जुन्याच रजिस्ट्रारकडे, पैसे कुठेतरी मधे अडकलेले आणि दोघांचाही एकमेकांवरचा विश्वास रोज थोडा थोडा आटत चाललेला. क्रम उलटा हवा होता: आधी रजिस्ट्रार बदलायचा, मग नोंदणीधारक. किंवा मग पुश करायचं आणि नाव जुन्याच रजिस्ट्रारकडे खरेदीदाराच्या खात्यात राहू द्यायचं, कारण ही कुलपं दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाण्यावर आहेत. तरी पुश करण्याआधी त्या रजिस्ट्रारची स्वतःची काही अट आहे का, ते विचारून घ्या. काही रजिस्ट्रार बदलाच्या वेळी ‘६० दिवसांचं लॉक नको’ अशी चौकटही देतात. ती बदलाच्या आधी निवडावी लागते. नंतर निवडणं म्हणजे वरातीमागून घोडं.

व्यवहार ठरवतानाच खरेदीदाराला सांगा: नाव कधी नोंदवलं, शेवटचं कधी हललं, माहिती शेवटची कधी बदलली. या तीन तारखा कळल्या की कोणती वाट खुली आहे ते आपोआप ठरतं.

मुदतीच्या तारखेकडेही एक नजर टाका. नाव आपोआप नूतनीकरण होऊन ४५ दिवस उलटायच्या आत ट्रान्सफर केलं, तर नूतनीकरणाचं वर्ष गळून पडतं आणि फक्त ट्रान्सफरचं वर्ष उरतं. म्हणजे भरलेले पैसे एका वर्षाचे, दोनदा. जुना रजिस्ट्रार ते परत देईलच असं नाही.

पैसे

दोघंही अनोळखी. तुम्ही आधी नाव दिलं तर तो पैसे बुडवेल, त्याने आधी पैसे दिले तर तुम्ही नाव बुडवाल. ही कोंडी फोडायला मधे तिसरा लागतो. त्यालाच एस्क्रो म्हणतात. एस्क्रो डॉट कॉम ही सेवा १९९९ पासून हे काम करते. मोठ्या डोमेन बाजारांच्याही आपापल्या सोयी असतात. रीत एकच. किंमत, फी कोणी भरायची आणि तपासायला किती दिवस, हे दोघं आधी मान्य करतात. खरेदीदार पैसे एस्क्रोकडे भरतो. पैसे खरोखर जमा झाले की एस्क्रो तुम्हाला नाव हलवायला सांगतो. तुम्ही हलवता. नाव हातात आल्याचं खरेदीदार कळवतो किंवा एस्क्रो स्वतः नोंद पाहून खात्री करतो. मग पैसे तुमच्याकडे येतात.

नाव स्वस्तातलं असेल तर एस्क्रोची फी जड वाटते आणि लोक थेट व्यवहार करतात. मीही करतो. पण तेव्हा पैसे कोणत्या मार्गाने येतात याकडे बघतो. कार्डाने दिलेले पैसे खरेदीदाराला बँकेत तक्रार करून उलटवता येतात, आणि तेही आठवडे-महिने उलटल्यावर. ऑनलाइन वॉलेटमध्येही अशी तक्रार करता येते. डोमेन ही हातात धरून दाखवण्यासारखी वस्तू नाही, त्यामुळे ‘मी दिलं होतं’ हे सिद्ध करताना तुमची दमछाक होते. बँकेतून बँकेत आलेले आणि तुमच्या बँकेने ‘जमा’ म्हणून दाखवलेले पैसे त्या मानाने पक्के. फोटो, स्क्रीनशॉट, ‘प्रोसेसिंग’ लिहिलेला ईमेल हे सगळं शून्य किमतीचं समजा.

आता फसवणुकीचे प्रकार. सगळ्यात बेरकी प्रकार म्हणजे खोटी एस्क्रो. खरेदीदारच सुचवतो, ‘आपण एस्क्रोने करू’, आणि दुवा पाठवतो. साइट देखणी, कुलपाचं चिन्हही असतं, थोड्या वेळात ‘पैसे जमा झाले, नाव हलवा’ असा ईमेलही येतो. साइट त्याचीच. कुलपाचं चिन्ह फक्त एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी ऐकत नाही. साइट कुणाची आहे, प्रामाणिक आहे का, याची ते हमी देत नाही. म्हणून सेवा तुम्ही निवडा, पत्ता स्वतः टाइप करा आणि ‘पैसे आले’ हे ईमेलमध्ये न वाचता स्वतःच्या खात्यात लॉगिन करून बघा.

दुसरा प्रकार मूल्यांकनाचा. भरघोस किमतीची ऑफर येते, फक्त ‘आमच्या गुंतवणूकदाराला अमुक सेवेचं मूल्यांकन प्रमाणपत्र लागतं’. ते तुम्ही पैसे भरून काढता आणि खरेदीदार अंतर्धान पावतो. त्याचा धंदा प्रमाणपत्र विकण्याचाच होता. तिसरा जुनाच: ठरल्यापेक्षा जास्त रक्कम ‘चुकून’ पाठवली, फरक परत करा. फरक तुमच्या खऱ्या पैशातून जातो आणि मूळ रक्कम नंतर उलटते.

आणि समजा एवढं करूनही कोड हातातून गेला आणि मग शंका आली, तर? ट्रान्सफरच्या वाटेत ते पाच दिवस हा तुमचा शेवटचा ब्रेक आहे. रजिस्ट्रारच्या त्या ईमेलमधून किंवा पॅनेलवरून नकार द्या, लॉक पुन्हा लावा, कोड बदलून घ्या. पुशमध्ये हा ब्रेकच नाही.

खरेदीदाराच्या बाजूने

विक्रेत्याची भीती पैसे बुडण्याची. खरेदीदाराची भीती वेगळी: नाव चोरीचं निघालं तर? पीटूपी डॉट कॉमचं तसंच झालं. २००६ मध्ये एका माणसाने खऱ्या धारकांच्या खात्यात शिरून ते नाव आपल्या खात्यात वळवलं आणि ईबे या लिलावाच्या साइटवर विकून टाकलं. घेणारा होता अमेरिकेतला एक व्यावसायिक बास्केटबॉलपटू, किंमत १,११,००० डॉलर. चोराला २०११ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. डोमेन चोरीसाठी अमेरिकेतली ती पहिलीच शिक्षा मानली जाते. घेणाऱ्याने सगळं उजळ माथ्याने केलं होतं, तरी त्याच्या हाती आलं ते कोर्टकज्जात सापडलेलं नाव.

खात्री करायचा एक सोपा मार्ग आहे. विक्रेत्याला सांगा, ‘डीएनएसमध्ये टेक्स्ट रेकॉर्ड म्हणून हे आठ अंक टाका.’ डीएनएस म्हणजे नाव कुठे जोडलंय हे सांगणाऱ्या नोंदी. पाचदहा मिनिटांत ते अंक बाहेरून दिसले, तर नावाचा ताबा त्याच्याकडे आहे. पण ताबा चोराकडेही असतोच. म्हणून पुढे जुन्या नूतनीकरणाच्या पावत्या मागा, नाव अलीकडेच रजिस्ट्रार बदलून आलंय का ते बघा, किंमत संशय यावा इतकी कमी आहे का याचा विचार करा. पूर्वी व्हूइजमध्ये, म्हणजे डोमेनची नोंद कुणालाही पाहता येणाऱ्या सोयीत, धारकाचं नाव, फोन सगळं दिसायचं. २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा आला आणि बहुतेकांची माहिती झाकली गेली. २८ जानेवारी २०२५ पासून तर डॉट कॉमसारख्या नावांसाठी व्हूइजची जागा अधिकृतपणे आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली. त्यात तारखा, रजिस्ट्रार आणि लॉकची स्थिती अजूनही कुणालाही दिसते. आपल्या कामाला तेवढं पुष्कळ आहे.

ट्रेडमार्कचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. नाव एखाद्या ब्रँडशी मिळतंजुळतं असेल तर ब्रँडवाला १९९९ पासून चालत आलेल्या यूडीआरपी या तंटा-पद्धतीने ते मागू शकतो. निकाल फक्त दोनच प्रकारे तुमच्या विरुद्ध जातो: नाव रद्द किंवा नाव ब्रँडवाल्याला. तुम्ही विक्रेत्याला दिलेल्या पैशांचं काय, हा निकाल देणाऱ्या मंडळाचा विषयच नाही. ते तुम्ही विक्रेत्याशी केलेल्या कराराने ठरतं, म्हणून ‘नावावर कोणताही वाद, दावा चालू नाही’ हे वाक्य करारात हवंच. वाद चालू असताना धारक बदलताही येत नाही.

देशांच्या नावांचे नियम वेगळे. डॉट यूकेला आजवर ऑथ कोड लागत नाही, तिथे विक्रेता नावाचा ‘टॅग’, म्हणजे रजिस्ट्रारची खूण, बदलून खरेदीदाराच्या रजिस्ट्रारचा टॅग लावतो. डॉट ईयू किंवा डॉट सीए घ्यायचं तर खरेदीदाराचा त्या प्रदेशाशी नागरिकत्व, वास्तव्य असा काही संबंध लागतो. पैसे भरून झाल्यावर ‘तुम्ही पात्र नाही’ असं कळण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

चालती साइट असेल तर

रिकामं नाव हलवणं सोपं. साइट आणि ईमेल चालू असतील तर जपून. ट्रान्सफर झाल्यावर नेमसर्व्हरची, म्हणजे डीएनएसच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरची, नोंद सहसा तशीच राहते, त्यामुळे साइट बंद पडू नये. पण नेमसर्व्हर जुन्या रजिस्ट्रारचे फुकटचे असतील तर नाव गेल्यावर तो ते बंद करू शकतो, आणि साइट-ईमेल दोन्ही गायब. खरेदीदाराने सगळे डीएनएस रेकॉर्ड आधी उतरवून घ्यावेत, नव्या जागी तंतोतंत मांडावेत, नेमसर्व्हर बदलावेत, एक-दोन दिवस बघावं आणि मग ट्रान्सफर सुरू करावी. डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या नोंदींवर डिजिटल सही लावणारा प्रकार, चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी तो बंद करून दिवस-दोन दिवस जाऊ द्या. नाहीतर रजिस्ट्रीकडे जुनी सही, नव्या नेमसर्व्हरकडे वेगळी, आणि सही तपासणारे सर्व्हर ‘हे नाव बनावट’ समजून उत्तरच देत नाहीत. गंमत म्हणजे काही लोकांना साइट दिसते आणि काहींना नाही, त्यामुळे दोष शोधता शोधता डोकं फिरतं.

हातातून सोडण्याआधी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण विक्रेते इथे सर्वांत निष्काळजी असतात.

समजा तुम्ही अनेक वर्षं त्या नावावरचा ईमेल वापरलात. नाव विकलं. आता त्या नावावर येणारं प्रत्येक पत्र खरेदीदाराला मिळू शकतं. त्याला तुमची जुनी पेटी उघडायची गरजच नाही. ‘या नावावर जे काही येईल ते सगळं मला द्या’ अशी एक ओळ त्याने लावली की झालं. मग तुमचं एखादं जुनं खातं, बँकेचं, दुकानाचं, समाजमाध्यमाचं, ज्याला अजून तोच पत्ता जोडलेला आहे, तिथे जाऊन कुणीही ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं की दुवा थेट त्याच्या हातात. त्यासाठी खरेदीदार वाईटच असायला हवा असं नाही. त्याने ते नाव पुढे कुणाला विकलं, तर तो तिसरा कोण, हे तुम्हाला कळणारही नाही.

म्हणून विक्रीआधी पेटीत शोध घ्या: ‘पासवर्ड’, ‘स्वागत’, ‘खात्याची पुष्टी’, ‘पावती’, असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत. निघालेल्या प्रत्येक खात्याचा पत्ता बदला. मी केलं तेव्हा दहाबारा खाती असतील असा अंदाज होता. यादी वहीच्या दोन पानांवर गेली, त्यात एक वीजबिलाचंही खातं होतं.

यातलं सर्वांत घातकी खातं म्हणजे रजिस्ट्रारचं. तुमच्या रजिस्ट्रार खात्याचा ईमेल त्याच डोमेनवर असेल, तर ज्या क्षणी नेमसर्व्हर खरेदीदाराचे होतात त्या क्षणी ‘तुमची हरकत आहे का?’ हे पत्रही त्यालाच पोचतं. तुमच्या खात्यातली उरलेली सगळी नावंही त्याच दाराने जाऊ शकतात. हा पत्ता लवकर बदला, आणि तो खात्याचा लॉगिन पत्ता आहे की नोंदणीधारकाचा, हे नीट बघून बदला. दुसरा असेल तर ६० दिवसांचं कुलूप. माझी कथा तिथूनच सुरू झाली होती.

गूगल सर्च कन्सोल, अॅनालिटिक्स, जाहिरातींची खाती यांतली त्या नावाची मालकी सोडा किंवा ठरलं असेल तशी खरेदीदाराला द्या. सुरक्षा सर्टिफिकेटं, म्हणजे साइटला ते कुलपाचं चिन्ह मिळवून देणारी, राहून जातात. तुम्ही काढलेलं सर्टिफिकेट नाव विकल्यावरही त्याची मुदत संपेपर्यंत चालू शकतं, म्हणजे दुसऱ्याच्या नावाची एक किल्ली तुमच्याकडे उरते. ते रद्द करून टाका. खरेदीदारांसाठी बरी बातमी अशी की या मुदती आखडत आहेत: २०२० पासून कमाल ३९८ दिवस, १५ मार्च २०२६ पासून नव्या सर्टिफिकेटांना २००, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७.

नाव पोचल्यावर

खरेदीदाराने त्याच दिवशी लॉक लावावं, खात्याला दुहेरी पडताळणी जोडावी, नोंदणीधारक म्हणून आपलं नाव आलंय का ते पाहावं आणि मगच एस्क्रोला ‘मिळालं’ कळवावं. नुसतं साइट उघडून बघणं पुरेसं नाही, कारण साइट नेमसर्व्हरच्या जोरावर उघडते. हप्त्यांचा व्यवहार असेल तर शेवटचा हप्ता येईपर्यंत नाव एस्क्रोच्या ताब्यात ठेवतात आणि खरेदीदाराला फक्त नेमसर्व्हर बदलता येतात.

विक्रेत्याने आरडॅपमध्ये नवा रजिस्ट्रार दिसतो का ते पाहून त्या पानाची प्रत, करार, एस्क्रोच्या पावत्या आणि सगळा पत्रव्यवहार एका फोल्डरमध्ये ठेवून द्यावा. ही प्रत त्या नावाबाहेरच्या ईमेलवर हवी, नाहीतर पुरावा नावाबरोबरच गेला. आणि त्या नावासाठी घेतलेल्या होस्टिंग, ईमेल, बॅकअप अशा सेवांची कार्डावरून आपोआप होणारी वसुली थांबवावी. नाव गेलं म्हणून त्या सेवा थांबत नाहीत. मी विकलेल्या एका नावाच्या ईमेल सेवेचे पैसे पुढे सात महिने भरत होतो.